नवागामचा खाली पाहणारा बाण

समुद्रसपाटी ही या देशातली एकमेव गोष्ट आहे जिच्याबद्दल सर्वांचं एकमत आहे. घर डोंगरावरचं असो की खाडीकाठचं, त्याची खरी उंची शेवटी समुद्रच सांगतो. हे वाक्य मी माझ्या निरोपसमारंभाच्या भाषणात म्हटलं होतं आणि त्याला मोठ्या टाळ्या पडल्या होत्या. नेमके त्याच क्षणी दारातून बटाटेवडे आत येत होते, हे मला नंतर फोटोत दिसलं.

जळगावच्या पाटबंधारे कार्यालयात मी ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. मी काढलेल्या प्रत्येक नकाशावरची प्रत्येक उंची कुठल्या तरी बेंचमार्कपासून मोजलेली असे. बेंचमार्क, म्हणजे सरकारी मराठीत तलचिन्ह, हा एक खूण केलेला दगड असतो. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची कुणीतरी एकदा नीट मोजून ठेवलेली असते. पुढचे सगळे त्या दगडावर विसंबून राहतात. नोकरीत असे शेकडो दगड माझ्या कागदावरून गेले. प्रत्यक्षात एकही पाहिला नाही, कारण दगड पाहायला साहेब जात, जीपमधून. निवृत्तीनंतर मी ते स्वखर्चाने पाहत हिंडते. लोक अष्टविनायक करतात.

या जानेवारीत सुरत केली.

उधना

माझा धाकटा भाऊ विनायक सुरतेला, उधना भागात असतो. तिथल्या एका मराठी शाळेत त्याने आयुष्यभर शिकवलं. आम्हा दोघांच्या मध्ये तापी आहे: जळगाव वरच्या अंगाला, सुरत खालच्या. पावसाळ्यात आमच्याकडे धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्याचा फोन येतो, "ताई, पाठवलं का?" जणू मी लोणच्याची बरणी पाठवणार आहे.

मी भरताची वांगी नेली होती. भावजय सुनीताने त्यातल्या निम्म्यांचं भरीत केलं आणि उरलेली दुसऱ्या दिवशी उंधियूत घातली. आपण वांगं भाजून, सोलून, ठेचून त्याचं वांगेपण घालवतो. सुरतेत त्याला मसाला भरून बटाटा, रताळं, केळं आणि पापडीबरोबर मडक्यात बसवतात आणि प्रत्येकाने आपापली ओळख राखावी अशी अपेक्षा ठेवतात. दोन्ही पद्धतींत तेल सारखंच लागतं.

जेवताना विनायक म्हणाला, "ताई, तुझे दगड बघून झाले की एक काम आहे. माझा एक विद्यार्थी आहे, वाल्मीक. लूमवर मास्तर आहे. नवागामला घर बांधतोय, त्याच्या जोत्याचं अडलंय."

"मी आरेखक होते. गवंडी नव्हते."

"तो सगळ्या गल्लीला सांगून बसलाय, सरांची बहीण येतेय, सरकारी इंजिनिअर."

"मी इंजिनिअर नाही."

"ते मी त्याला सांगीन, नंतर."

चौक बाजार, हजीरा

पहिला दगड चौक बाजाराकडे एका जुन्या इमारतीच्या पायरीत सापडला. तो ओळखायला सोपा होता. कोरलेला लहान चौकोन, खाली तीन रेषा एका टोकाला मिळून झालेला बाण, आणि बाजूला बी. एम. ही अक्षरं. बाण म्हणजे ही खूण सरकारी आहे, कुणी प्रेमाने कोरलेली नाही. चौकोन म्हणजे मोजपट्टीचा पाय इथेच ठेवावा, बोटभर इकडे तिकडे नाही. उंचीचा आकडा मात्र दगडावर नसतो. तो दूर कुठल्या तरी कार्यालयातल्या यादीत असतो. म्हणजे दगडाला स्वतःची उंची माहीत नसते, फक्त आपल्याला महत्त्व आहे एवढं माहीत असतं. असे अधिकारी मी पाहिले आहेत.

चौकोनावर एका चपलावाल्याने आपली पाटी टेकवली होती. मी वाकून पाटीखाली पाहू लागले तेव्हा तो म्हणाला, "बेन, लेवुं छे के जोवुं छे?" मी म्हटलं, पाहायचं आहे. त्याने पाटी उचलून दिली. "आ जग्या ज सपाट छे," तो म्हणाला. मोजणीखात्यानेही नेमक्या त्याच कारणासाठी ती निवडली होती.

काही खुणांमध्ये चौकोन नसतो. तिथे बाणाच्या टोकावर एक आडवी रेघ असते आणि उंची त्या रेघेची धरायची असते. अशा खुणा भिंतींवर करतात, कारण भिंतीवर मोजपट्टी उभी राहत नाही. बाण नेहमी खालून वर रेघेकडे पाहतो. हे लक्षात ठेवावं, पुढे लागेल.

हजीऱ्याला विनायकने स्कूटरवरून नेलं. दोन्ही बाजूंना कारखाने, मध्ये रस्ता, रस्त्यावर फक्त ट्रक आणि आम्ही. एका कुंपणालगत काँक्रीटचा बुटका खांब दिसला. त्याच्या माथ्यावर पितळी खुंटी बसवली होती आणि खाली सी. डी., म्हणजे चार्ट डेटम, ही अक्षरं होती. याचा अर्थ इथली उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, बंदराच्या शून्यापासून मोजली आहे. जहाजवाल्यांचं शून्य ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली जातं तिथे असतं, कारण जहाजाला तळ लागण्याची भीती. डोंगराच्या उंचीशी त्याला कर्तव्य नाही. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पुष्कळ अंतर पडतं, म्हणून ही दोन शून्यंही एकमेकांपासून चांगलीच लांब आहेत. एकमताबद्दलचं माझं वाक्य हजीऱ्यापर्यंतच टिकलं.

मी मोबाइल काढताच रखवालदार आला. "फोटो मना है."

विनायकने त्याच्या शिक्षकी आवाजात सांगितलं, "ये मेरी बडी बहन है, सरकारी नोकरी में थी."

"कौन से डिपार्टमेंट में?"

"सिंचाई."

रखवालदाराने विचार केला. "तो पानी का फोटो लीजिए," तो म्हणाला आणि खाडीकडे बोट दाखवलं. मी घेतला. चिखलाचा आला आहे.

परतताना पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडाच. आपण शेतात आगटीभोवती बसून तोंड काळं करून खातो. इथे तो तराजूत तोलून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर, कागदावर मिळतो. विनायकच्या मते ही प्रगती आहे. आगटीचा धूर डोळ्यांत गेला नाही हे खरं, पण मग थंडीत बाहेर का बसलो होतो ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नवागाम

नवागामात शिरताना आधी लूमची खडखड ऐकू येते आणि मग अहिराणी. धुळे-नंदुरबारकडची माणसं यंत्रमागांवर कामाला आली, राहिली आणि गल्लीगल्लीने आपली गावं मांडून बसली. वाल्मीकची गल्ली पाहताच मी थांबले. दोन्ही बाजूंच्या सगळ्या घरांची जोती एकाच उंचीवर होती. अगदी एका रेषेत. प्रत्येक घराला सात पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांनी गल्लीचा अर्धा भाग खाल्ला होता. वरच्या पायरीवर म्हातारी माणसं, मधल्या पायऱ्यांवर बाया निवडणं-टिपणं घेऊन आणि खालच्या पायरीवर चपला. उभ्या आयुष्यात मी इतकी समपातळीतली वस्ती पाहिली नव्हती, कागदावर सोडून.

मध्ये एक खळगा होता. तेच वाल्मीकचं घर. जुनं पाडलं होतं, फक्त शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत उभी होती. वाल्मीक चाळिशीचा, लूमवर आयुष्य गेल्याने नेहमीच ओरडून बोलणारा.

"मॅडम, रविवारी जोत्याचा शेवटचा थर लावायचाय. सात पायऱ्या की कमी, तेवढं तुम्ही सांगा."

"सातच का?"

"चला, दाखवतो."

गल्लीच्या टोकाला गरनाळं होतं, म्हणजे रस्त्याखालून खाडीचं पाणी जायची मोरी. त्याच्या कठड्याच्या भिंतीत एक काळा दगड होता आणि दगडावर आडवी रेघ. रेघेवर वरून टोक टेकलेला बाण.

"ही रेलची लाईन," वाल्मीक म्हणाला. सुरतेत पुराला रेल म्हणतात. "मोठ्या रेलमध्ये पाणी इथपर्यंत आलं. सरकारने बाण काढून ठेवलाय. गल्लीत ज्याने ज्याने घर बांधलं, त्याने पाण्याची नळी इथं लावून जोतं याच लाईनवर घेतलं. रेघेखाली कोणी जात नाही."

सुरतेत असं वाटणं साहजिक आहे. या शहरात भिंतीवरची आडवी रेघ म्हणजे पाणी कुठवर आलं त्याची खूण, दुसरा अर्थच नाही. दुकानांत, देवळांत, जिन्यांत अशा रेघा रंगवून ठेवलेल्या असतात आणि माणसं त्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. पण ही रेघ रंगवलेली नव्हती, छिन्नीने कोरलेली होती. हा बेंचमार्क होता, पुराशी त्याचा काही संबंध नव्हता. फक्त बाण वरून खाली पाहत होता. मी असा बाण कधीच पाहिला नव्हता. रेघेच्या खाली पुसट अक्षरं होती, त्यातलं एक इंग्रजी डब्ल्यूसारखं.

मी वहीत एक पानभर लिहिलं. खाली पाहणारा बाण पाण्याच्या कामांसाठी वेगळा वापरत असावेत, डब्ल्यू म्हणजे पाणी, आणि हा दुर्मिळ प्रकार असून त्याची कुठे नोंद दिसत नाही, असा त्याचा आशय. मग विनायक आणि वाल्मीकसमोर मी यावर बराच वेळ बोलले. विनायकने मध्येच "वा" म्हटलं. वाल्मीकने विचारलं, "म्हणजे सात की पाच?"

त्याला पाच का हव्या होत्या हे समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर कळलं. बांधकामापुरती तिथे खोली भाड्याने घेतली होती आणि खोलीत त्याची आई, आक्का, गॅलरीतल्या खाटेवर बसली होती. वर जायला लोखंडी जिना. मी चढून गेले तेव्हा माझाच श्वास वर आला होता.

"ये माय, बस," आक्का म्हणाली. "जिना चढी ऊनी ना? मंग मना गुडघास्ले तू इचारू नको."

"खाली कधी उतरलात?"

"दिवाईले. मंग नही."

दिवाळी होऊन अडीच महिने झाले होते. आयुष्यभर ज्या गल्लीत ती बसली, भांडली, पापड वाळवले, ती गल्ली आता तिला वरून दिसत होती. नवं घर झालं की खाली राहायला मिळेल एवढ्यावर ती दिवस काढत होती. आणि नव्या घराला सात पायऱ्या होणार होत्या. डॉक्टरांनी तिला चार-पाच पायऱ्या हळूहळू चालतील म्हणून सांगितलं होतं. सातव्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

"सात पायऱ्या कोनासाठे?" तिने वाल्मीककडे पाहत मला विचारलं. "पानीसाठे का मनासाठे?"

वाल्मीक खाली आल्यावर म्हणाला, "मॅडम, पाच केल्या आणि पाणी घरात आलं, तर गल्ली म्हणेल, लाईन सोडली म्हणून बुडाला. सात केल्या तर आई घरात बसून राहील. तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही सांगाल ते करतो."

मी इंजिनिअर नाही हे सांगायची हीच वेळ होती. विनायक दुसरीकडे पाहत होता. मी म्हटलं, उद्या सांगते.

पुन्हा नवागाम

दुसऱ्या दिवशी रमणमिस्त्री आला होता. चलथाणकडचा, साठीचा, कानावर पेन्सिल. गल्लीतली बहुतेक जोती त्याच्या हातची. मी त्याला गरनाळ्यापाशी नेलं आणि दुर्मिळ बाणाबद्दल सांगू लागले. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"बेन, ए पथरो तो में ज बेसाडेलो," तो म्हणाला.

"तुम्ही बसवला?"

"गरनाळुं मोठुं कर्युं त्यारे. बाजू में पडा था. मजबूत था, तो लगा दिया."

"आणि बाण असा खाली?"

त्याने दगडाला वरून थोपटलं, मग हाताने उलटं करून दाखवलं. "एनी उपरनी बाजू एकदम सपाट हती. सपाट बाजू तो नीचे ज जाय ने?"

दगड उलटा होता. कुणीतरी त्याचा माथा काळजीपूर्वक सपाट करून ठेवला होता आणि सपाट माथा पाहून मिस्त्रीने तो सिमेंटात पालथा घातला होता. डब्ल्यू हा एम होता. रेघ आता कशाचीच उंची सांगत नव्हती, ना समुद्राची, ना बंदराची, ना पुराची. मी वहीतलं पान दुमडलं. फाडलं नाही, कागद चांगला होता.

"मग ही रेलची लाईन आहे असं गल्लीला कुणी सांगितलं?"

"में नथी कीधुं. पहेला घर का मालिक पूछा, कितना उंचा लूं? गल्ली मां सीधी लाईन आ एक ज हती. मैंने उधर से नळी लगाया. दूसरा घर बना, तो पहेलावाला बोला, रेल की लाईन है. तीसरे टाईम तो लोग मेरे को ही समझाने लगे."

"तुम्ही सांगितलं नाही, की तसं नाही?"

"कोई पूछा नहीं, बेन." मग दगडावरची धूळ झटकून, "लेवल तो बराबर छे ने?"

लेवल खरोखरच बरोबर होती. एका निरर्थक रेघेपासून त्याने अख्खी गल्ली इतकी अचूक उचलली होती की आमच्या कार्यालयात त्याचं कौतुक झालं असतं, फक्त आकडा चुकला असता.

आता खरा प्रश्न उरला होता: पाणी खरोखर कुठवर आलं होतं? त्या रेलच्या वेळी वाल्मीक रात्रपाळीला कारखान्यात अडकला होता. समोरच्या नानांना विचारलं, तर ते म्हणाले, "लाईनपर्यंत. दगडावर लिहिलंय की." त्यांच्या शेजाऱ्यानेही दगडाकडेच बोट दाखवलं. पाहिलेलं पाणी लोक विसरले होते आणि दगडाचं तेवढं लक्षात राहिलं होतं.

"हाई माले कोनीच नही इचारं," वरून आवाज आला. आक्का गॅलरीचा कठडा धरून उभी होती. सगळं ऐकत होती. "पानी वट्टाले लागनं नही. मी वट्टावर बसीसन च्या करा. तठेच गॅस व्हता."

वट्टा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. तो जुन्या घराबरोबर गेला होता. पण सामाईक भिंतीत त्याच्या कडप्प्याची खाच तशीच होती, काळ्या सिमेंटची लांब पट्टी. वाल्मीकने एका जागी बोट ठेवलं.

"वर नही, खाल!" आक्का ओरडली. "ती मांडणीनी खाच शे. खाल!"

बोट खाली आलं. रमणमिस्त्रीने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी काढली; तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. एक टोक खाचेच्या खालच्या कडेला, दुसरं गल्लीतून फिरवत गरनाळ्याच्या दगडापाशी. माझ्याकडे दगडाकडचं टोक आलं. मी पाण्याची कड वाचली आणि ती रेघेच्या वीतभर वर निघाली. म्हणजे गल्लीतली सगळी घरं बुडाली असती. नाना पायऱ्या उतरून आले. वाल्मीकचा चेहरा पाहवेना. मिस्त्रीने माझ्या हातातून नळी घेतली, टिचकी मारून मधला बुडबुडा बाहेर काढला आणि परत दिली.

"बेन, पाणी ने टाइम आपो," तो म्हणाला.

पाणी खाली आलं, हललं, आणि रेघेच्या दोन विती खाली थांबलं. आम्ही तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तिथेच.

हिशेब सोपा होता. मोठ्या रेलचं पाणी फार तर चार पायऱ्यांच्या जरा वर. पाचवी पायरी त्याच्यावर चांगली चार बोटं. मी वाल्मीकला स्पष्ट सांगितलं, की हे मागच्या पाण्याचं झालं. पुढचं पाणी कुठे थांबेल हे मला ठाऊक नाही, दगडाला ठाऊक नाही, आणि मी इंजिनिअरही नाही.

"ते सरांनी काल सांगितलं," वाल्मीक म्हणाला.

नानांना हे पटत नव्हतं. "रांग मोडू नको, वाल्मीक. पाण्याला तुझ्या आईचे गुडघे ठाऊक नाहीत."

"नाना," वरून आक्का म्हणाली, "तुना सात पायऱ्यास्वर तू तरी कवय चढस? दिनभर भायेरच बसेल ऱ्हास."

बाया हसल्या. नाना खालून तिसऱ्या पायरीवर बसले, जिथे ते बहुधा रोज बसत असावेत. वाल्मीकने खळग्याकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाला, "पाच." मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून सामाईक भिंतीवर रेघ मारली. बाण काढला नाही.

दुपारी आम्ही आक्काकडे जेवलो. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी. तिने मला विचारलं, नोकरीत काय करत होते. मी सांगितलं, जमिनीची उंची कागदावर लिहायचे. तिने भाकरी वाढली आणि विचारलं, "मंग ते वाचे कोन?" मी आठवून पाहिलं.

सोमवारी मी जळगावला परतले.

घर एप्रिलमध्ये पूर्ण झालं. वास्तुशांतीला मला जाता आलं नाही. विनायक जाऊन आला आणि त्याने फोनवर सगळं सांगितलं. आक्का आता खालीच राहते आणि संध्याकाळी गल्लीत येऊन बसते. मी विचारलं, पाच पायऱ्या जमतात का तिला? तो म्हणाला, पूजेच्या आधीच्या आठवड्यात गल्लीत नवं काँक्रीट पडलं, जुन्याच्या वर. पहिली पायरी पूर्ण आत गेली आणि दुसरी अर्धी. आक्का साडेतीन पायऱ्या उतरते.